डावीकडचे शब्द

डेल्फिना माएस्तासला पहिल्या वर्षी कोणते विषय घ्यायचे हे ठरवायला तिचा बाप बेलार्मिनो सोबत आला, तो लग्नातला कोट घालून. ऑगस्टचं ऊन मी म्हणत होतं. रिंकोन गावापासून कॉलेजपर्यंत दोन तासांचा रस्ता, ट्रकला धड खिडकी लागत नाही, आणि कोटाची कॉलर मानेला काचतेय.

"पापा, काढा की तो कोट," ती म्हणाली.

"कॉलेज हाय, हिता. गुरांचा बाजार न्हाई."

हिता म्हणजे लेकरा. डोंगराकडच्या त्या सगळ्या गावांत आईबाप मुलीला असंच हाक मारतात, मुलगी साठीची झाली तरी. डेल्फिना अठराची होती आणि नऊ वर्षांची असताना तिची आई गेली होती, त्यामुळे ही हाक मारणारा जगात एकच माणूस उरला होता.

विषय लावून देणाऱ्या बाईंचं नाव मिसेस हॉल्डन. त्यांनी टेबलावर एक तक्ता पसरला आणि पेन्सिलीनं चौकोन भरायला घेतले. इंग्रजी निबंध, बीजगणित, इतिहास, रसायन. प्रत्येक विषयाची क्रेडिट ठरलेली, कुठे तीन कुठे चार, आणि अशी एकशे वीस जमली की पदवी. नर्सिंगला जायचं तर रसायन पहिल्याच वर्षी हवं, नाहीतर सगळं एक सत्र पुढे ढकललं जातं.

"आणि परभाषा," बाई म्हणाल्या. "चार सत्रं, बारा क्रेडिट. आता ही कुठे बसवायची? रसायनाच्या वेळेलाच येतेय."

बेलार्मिनोला इंग्रजी कामापुरतं कळायचं. परभाषा कुठली, असं त्यानं लेकीकडून विचारून घेतलं. बाई म्हणाल्या, बहुतेक मुलं स्पॅनिश घेतात.

आता त्या डोंगरात लोक चारशे वर्षं स्पॅनिश बोलतायत. इंग्रजी तिथं परवा परवा आली, पण दप्तर तिच्या हातात पडलं, आणि दप्तर ज्याच्या हातात तो घरच्याला पाहुणा ठरवतो. बेलार्मिनो मात्र रागावला नाही. त्याला हसू आलं.

"ही येते हिला," त्यानं बाईंना सांगितलं. "पाळण्यातून येते."

"मग परीक्षा देऊन टाकू दे की. एकच पेपर. पन्नास मिळाले तर बाराच्या बारा क्रेडिट, वर्गात न बसता. एक सत्र वाचेल. चार वर्षांचं शिक्षण साडेतीनात."

बेलार्मिनोनं टोपी गुडघ्यावर दाबून धरली. बावीस वर्षं त्यानं खाणीत काढली होती आणि खाणीची धूळ त्याच्या छातीत बसली होती. काही वर्षं निघतील, असं दवाखान्यात सांगितलं होतं. काही म्हणजे किती, हे ना डॉक्टरनं सांगितलं, ना त्यानं विचारलं. पण गेल्या वसंतात गावच्या पाटाची पाटकरकी त्यानं सोडली होती, कारण पाण्याची पाळी ओरडून सांगायला त्याचा आवाज आता दुसऱ्या शेतापर्यंत पोचत नव्हता. लेक पदवी घेऊन घरी येईल आणि आपण दारात उभे असू, एवढंच त्याला हवं होतं. त्या हिशेबात सहा महिने म्हणजे फार झाले.

ट्रकमध्ये बसल्यावर तो म्हणाला, "शाळेत असताना ह्या बोलीपायी मास्तरीण मला तोंडात साबण धरायला लावायची. पिवळा, कपड्याचा. आन् आता त्याच बोलीचे मार्क देत्यात. दुनिया सुधारली म्हणायची."

"परीक्षा हाय पापा, दान न्हाई. अभ्यास करावा लागंल."

"कसला अभ्यास? हातच्या कांकणाला आरसा कशापायी? त्या परीक्षेवाल्याला म्हणावं, ये रिंकोनला, आन् आमच्या कोंबड्यांशी बोलून दाखव."

तरी घरापर्यंतचे दोन तास त्यानं तिची उजळणी घेतली. रस्त्यात दिसेल त्याचं नाव विचारायचं, काल काय केलंस ते सांग म्हणायचं, उद्या काय करशील ते सांग म्हणायचं. ती सांगायची आणि तो स्टेअरिंगवर थाप मारून म्हणायचा, शाब्बास. गावच्या शाळेत स्पॅनिश शिकवायला एक बाई आल्या होत्या खऱ्या, पण त्या थंडीला कंटाळून डिसेंबरातच पळाल्या. तेव्हा डेल्फिनाला त्या भाषेत जे काही येत होतं ते सगळं ह्या एका तोंडातून आलेलं होतं.

परीक्षा तीन दिवसांनी झाली. आधी कानाला लावायचं यंत्र आलं आणि त्यातून एक बाई इतक्या घाईनं बोलली की तिची गाडी सुटत असावी. डेल्फिनाचं निम्मं हुकलं. मग कागद आला. वाक्यात गाळलेली जागा, खाली चार पर्याय, बरोबर असेल त्याचा गोल काळा करायचा.

एकतिसावा प्रश्न होता, 'काल मी गावातून पाव...' म्हणजे इथं 'आणला' हा शब्द हवा. चार पर्यायांत तिसरा होता 'त्रुहे'.

ती थबकली. त्रुहे. पापा रोज म्हणायचे तो शब्द. सरपण त्रुहे, पीठ त्रुहे, तुझ्यासाठी काय त्रुहे बघ. हा शब्द तिनं आजवर फक्त ऐकला होता. कागदावर छापलेला आयुष्यात पहिल्यांदा पाहिला, आणि तिला भरून आलं. परक्या गावात ओळखीचं माणूस भेटावं तसं झालं. पहिला पर्याय 'त्राहे' होता, त्याच्याकडे तिनं नीट पाहिलंसुद्धा नाही. तिनं तिसरा गोल अगदी मन लावून काळा केला.

तो शब्द तिथं सापळा म्हणून ठेवला होता, हे तिला दोन आठवड्यांनी कळलं. निकाल आला, सत्तेचाळीस.

तीन मार्क. फेरपरीक्षा सहा महिन्यांनी, फेब्रुवारीच्या शेवटी, त्याआधी बसता येत नाही. मिसेस हॉल्डननी तक्ता पुन्हा काढला, रसायन खोडलं आणि सकाळी आठच्या चौकोनात लिहिलं, 'स्पॅनिश, प्राथमिक'. फेब्रुवारीत पास झालीस तर उन्हाळ्यात रसायन करून घेता येईल, गेलेलं सत्र भरून निघेल, असंही त्या म्हणाल्या. बाई वाईट नव्हत्या.

गावाकडून दर रविवारी फोन यायचा.

"निकाल आला का गं, हिता?"

"अजून न्हाई, पापा," ती खोटंच सांगायची.

"लई शब्द लिवलेस वाटतं. तपासता तपासता दमले असत्याल."

मग तो अर्धा तास बोलायचा. कोणी कोणाच्या पाळीचं पाणी चोरलं, कोणाची गाय कोणाच्या कोबीत शिरली, पाद्रीबाबा प्रवचनात कसे झोपले. स्वतःच्या तब्येतीचं सरळ कधी सांगायचा नाही, पण गोष्टीतून कळायचं. "आज कोंबड्यांनी मला दोनदा बसवलं," म्हणाला की समजायचं, खुराड्यापर्यंत जाताना दोनदा धाप लागली. "आज पाटापर्यंत गेलो आन् पाटाशी भांडून आलो," म्हणाला की दिवस बरा गेला. डेल्फिनाला ही भाषाही येत होती, आणि तिची परीक्षा कुठल्याच कॉलेजात घेत नाहीत.

प्राथमिकच्या वर्गात वीस मुलं 'माझं नाव अमुक' घोकत बसायची आणि ती त्यांच्यात. शिकवणारे मिस्टर किन्केड लांबच्या मक्याच्या मुलखातले, पुस्तकातून शिकलेले, मनानं भले. तिची पहिली वही तपासून त्यांनी तिला थांबवलं.

"त्रुहे, असिना, मुंचो... हे शब्द तुला कुठे मिळाले?"

"घरी."

"चारशे वर्षांपूर्वी दर्यावर्दी लोक असं बोलायचे. फार सुंदर आहे हे. जपून ठेव." मग जरा ओशाळून म्हणाले, "परीक्षेत मात्र लिहू नकोस."

तिनं त्याच संध्याकाळी एका कागदावर मधोमध रेघ मारली. डावीकडे घरचे शब्द, उजवीकडे पुस्तकातले. डावीकडे त्रुहे, उजवीकडे त्राहे. असिना, असी, म्हणजे 'असं'. मुंचो, मुचो, म्हणजे 'पुष्कळ'. असे चाळीसेक निघाले. वर, पाठ करायला सोपं जावं म्हणून, तिनं मथळा लिहिला आणि त्याखाली दोनदा रेघ ओढली, 'घरचे चुकीचे शब्द'.

लिहिताना तिला काहीच वाटलं नाही. हे तिला पुढे जन्मभर आठवणार होतं.

ऑक्टोबरात बेलार्मिनो न सांगता आला. डोंगरात पाइनच्या बिया पडल्या होत्या, त्या गोळा करून, भाजून त्यानं पिशवी भरून आणली होती. वसतिगृहाचे दोन जिने चढून आल्यावर त्याला बोलता येईना, हातानंच पाणी मागितलं. ती खालून पाणी घेऊन आली तोवर तो तिच्या टेबलाशी बसला होता आणि बोट लावून कागद वाचत होता. मथळा इंग्रजीत होता. तेवढं त्याला येत होतं.

तिनं पेला टेबलावर ठेवला. त्यानं तो उचलला नाही.

"म्हंजी नापास झालीस व्हय."

"तीन मार्कांनी, पापा."

"ह्यातलेच तीन." त्याचं बोट डावीकडच्या रांगेवरून खाली खाली गेलं. "हा माझा. हा बी माझाच. हा तर म्या तुला गेल्या वर्साला..."

"तसं न्हाई पापा. त्ये यंत्रातलं ऐकू आलं न्हाई, त्याचे मार्क गेले. मास्तर तर म्हनलं, लई जुने शब्द हायत, सुंदर हायत."

"सुंदर," तो म्हणाला. "खाण बी बाहेरून सुंदर दिसायची." मग म्हणाला, "तुझी आई गेल्यावर घरात दुसरं बोलणारं व्हतंच कोण, हिता. जे तोंडात व्हतं ते दिलं. म्या इचार केला, निदान एवढं तरी फुकट मिळंल तुला."

ती रडली. त्यानं तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, आणि बिया फोडून एक एक तिच्या हातावर ठेवत राहिला, लहानपणी ठेवायचा तसाच. निघताना म्हणाला, "अक्षर लई छान हाय तुझं. हा कागद मला उतरवून दे."

लेकीचं अक्षर हवं असेल, आठवण म्हणून, असं तिला वाटलं. तिनं चाळीसच्या चाळीस शब्द नीट उतरवून दिले. मथळा तेवढा गाळला. तो म्हणाला, "वरचं बी लिव." तिनं लिहिलं.

पुढच्या रविवारी फोन आला.

"हॅलो, डेल्फिना," तो इंग्रजीत म्हणाला. "तू कशी आहेस? इथे हवामान थंड आहे."

तिला वाटलं थट्टा चाललीय. ती हसली. "पापा, आज सायेबाचं भूत शिरलं व्हय अंगात?"

"फेब्रुवारीत परीक्षा आहे. तोपर्यंत मी इंग्रजी बोलेन. माझे शब्द तुला चिकटतात. परीक्षा झाल्यावर आपण पुन्हा तसे बोलू."

तिनं विनवलं, ती चिडली, नकोत मला ते बारा क्रेडिट म्हणाली. पलीकडून तो शांतपणे म्हणाला, "सहा महिने वाचतील, डेल्फिना. ते मला पाहिजेत." माणूस एकदा हट्टाला पेटला की पेटला, आणि हा तर वीस वर्षं पाटकरी राहिलेला, पाण्याच्या पाळीत सख्ख्या भावाची गय न केलेला माणूस.

त्याचं इंग्रजी म्हणजे दुकान, ट्रक, खाण आणि हवामान. त्यात पाणीचोर नव्हते, झोपलेले पाद्रीबाबा नव्हते, कोंबड्या दोनदा बसवत नव्हत्या. अर्ध्या तासाचा फोन पाच मिनिटांवर आला. ती विचारायची, तब्येत कशी आहे? तो म्हणायचा, मी बरा आहे. इंग्रजीत त्याला एवढंच सांगता यायचं. ते खरं की खोटं, हे कळायला तिच्याकडे काहीच उरलं नव्हतं.

नाताळात ती घरी गेली तर कागद चुलीशेजारच्या भिंतीवर खिळ्यानं ठोकलेला. बाप उतरला होता, गालांत खड्डे पडले होते. घरभर दोघं जपून जपून बोलत होते, दुसऱ्याच्या घरी पाहुणे गेल्यासारखे. चार दिवस झाले तरी त्यानं तिला एकदाही हिता म्हटलं नाही. डेल्फिना, डेल्फिना, दर वेळी पूर्ण नाव.

शेवटच्या दिवशी ती मुद्दाम सरपण आणायला गेली. दोन्ही हातांत लाकडं घेऊन पायानं दार ढकललं आणि त्याचीच लकब उचलून म्हणाली, "सरपण त्रुहे, पापा." तो हसेल, मग एवढं तरी त्याच्या तोंडून सुटेल, अशी तिची आशा होती.

त्यानं भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं.

"त्राहे," तो म्हणाला.

ती लाकडं धरून उभीच राहिली. तो वाट बघत होता. खोकला आवरून धरल्यामुळे त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"त्राहे," ती म्हणाली.

"बरोबर," तो म्हणाला, आणि त्या सबंध सुट्टीत पहिल्यांदा मोकळा हसला. तिनं लाकडं चुलीपाशी रचून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बसनं कॉलेजला परतली.

जानेवारीतल्या तीन रविवारी तो म्हणाला, मी बरा आहे. चौथ्या रविवारीही तेच म्हणाला, पण आवाज बारीक होता. थंडी आहे, असं त्यानं सांगितलं. तिनं मानलं. मंगळवारी शेजारच्या बेनिग्नामावशीचा फोन आला. दहा दिवस झाले तापाला, पोरी, छातीत पाणी झालं होतं, तुला कळवू नका म्हणत होता, परीक्षा आहे म्हणत होता. काल नेला दवाखान्यात. पहाटे गेला.

"मला वाटलं तुला ठावं असंल," मावशी रडत म्हणाली. "दर आयतवारी बोलत व्हतात की तुमी."

हो, बोलत होते. त्याच्यावर माती पडताना डेल्फिनाच्या मनात तेवढंच होतं. आपल्या बोलीत बोलला असता तर तापाच्या पहिल्याच रविवारी कळलं असतं. कुठल्या तरी कोंबडीनं, कुठल्या तरी पाटानं सांगितलंच असतं.

फेब्रुवारीच्या शेवटी ती परीक्षेला बसली. बसायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, पण त्यानं ज्याच्यासाठी तोंड शिवून घेतलं ते तरी पुरं होऊ दे म्हणून गेली. पेपर दुसरा होता, पण सापळे तेच होते. पुन्हा 'आणणे' आलं, पुन्हा चार पर्याय, आणि त्यांत तो शब्द होता. रिंकोनच्या घरात आता तो कोणी उच्चारत नव्हतं. तिला ठाऊक असलेल्या जगात तो आता इथंच उरला होता, चुकीच्या उत्तरांत. तिनं बराच वेळ पेन्सिल त्याच्यावर धरली. मग त्राहेचा गोल काळा केला. बरोबर, असं कोणीतरी म्हणावं म्हणून नकळत मान वर केली. समोर घड्याळ होतं.

त्र्याहत्तर मिळाले. मिसेस हॉल्डननी तक्त्यात बारा क्रेडिट लिहिली आणि त्या मनापासून खूश झाल्या. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

"म्हणजे सहा महिने लवकर घरी जाशील बघ. वडील खूश होतील."

"हो," डेल्फिना इंग्रजीत म्हणाली.

मार्चात ती घर आवरायला गेली. गावातले पुरुष फावडी घेऊन पाट साफ करत होते. नवा पाटकरी पाळ्या ओरडत होता, आणि त्याचा आवाज चांगला लांब जात होता. तिनं कोट घडी घातला, कोंबड्या मावशीला देऊन टाकल्या. भिंतीवर नुसता खिळा होता. कागद तिला त्याच्या उशीखाली सापडला, घड्यांवर झिजलेला.

तिच्या अक्षरातले चाळीस शब्द होते. त्यांच्याखाली, पेन्सिलीनं, वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलेला एक एक्केचाळिसावा होता. तो तिनं लिहिलेला नव्हता. हा शब्दही घरचाच आहे, तेव्हा हाही चुकीचाच असणार, असं त्यानं आपल्या मनानं ठरवलं होतं. डावीकडच्या रांगेत त्यानं लिहिलं होतं, 'हिता'.

उजवीकडची जागा रिकामी होती. तिथं काय लिहायचं हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि कोणाला विचारायलाही नको वाटलं असावं. फेब्रुवारीनंतर लेकीलाच विचारू, असंही त्याच्या मनात असेल.

डेल्फिना पलंगाच्या कडेवर बसली. तिथं कुठला शब्द यायला हवा तो तिला येत होता. प्राथमिकच्या वर्गात तो पहिल्याच आठवड्यात शिकवतात. टेबलावर त्याची पेन्सिल पडली होती, तीही तिला दिसत होती. पण ती जागा तिनं भरली नाही.